एकदा उडून आलेल्या रॉकेट इंजिनावर परत माणूस कसा बसवतात?

खानापूर_विज्ञान :

नमस्कार मंडळी. मी बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कूलमध्ये आठवी-नववीला विज्ञान शिकवते. परवा न्यूटनचा तिसरा नियम चालू होता आणि तिथून रॉकेटचा विषय निघाला. अंतराळवीर शुभांशु शुक्ला मुलांना माहीत आहेतच, २५ जून २०२५ ला भर दुपारी बाराला त्यांचं उड्डाण झालं तेव्हा आम्ही अख्खा वर्ग एका मोबाईलभोवती गोळा होऊन बघत होतो. तर मी सांगितलं की ते स्पेसएक्स कंपनीच्या ज्या फाल्कन ९ रॉकेटवर बसून गेले त्याचा खालचा टप्पा, ज्याला नऊ इंजिनं असतात, तो त्याआधी एकदा वर जाऊन परत उतरलेला होता, म्हणजे ते त्याचं दुसरं उड्डाण. मला वाटलं मुलांना भारी वाटेल. तर मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, बाई, आमच्या बाबांनी जुना ट्रॅक्टर घेताना दोन-दोन मेकॅनिक नेऊन दाखवला तरी दुसऱ्या महिन्यात हेड गॅस्केट गेलं, मग माणूस बसवायचा होता तर नवीन इंजिन का नाही लावलं?

मी म्हटलं, अरे ते नीट तपासतात. तो खाली बसला, पण पटलेलं नाही हे तोंडावर दिसत होतं, आणि खरं सांगायचं तर मलापण पटलं नाही. तपासतात म्हणजे नक्की काय बघतात? द्रव इंधनाच्या इंजिनात झिजतं काय? विमानाचं इंजिन हजारो तास चालतं आणि आपण त्यात निर्धास्त बसतो, मग रॉकेटचं इंजिन काही मिनिटं चालून परत आलं तर ते परत वापरायचं एवढं अवघड का? आणि आपल्या गगनयानाची इंजिनं परत वापरायची आहेत का? उद्यमबागेत, हत्तरगीला आपल्याकडे एवढे मशीनवाले लोक आहेत, कुणीतरी मला मुलांपुढे सांगता येईल असं सांगा. पुस्तकातली भाषा नको, ती माझ्याकडे आहे.

उद्यमबाग_भट्टी :

बाई नमस्कार. त्या पोराला माझ्याकडून शाबासकी सांगा, प्रश्न एकदम मुद्द्याचा आहे.

मी फाउंड्रीत आहे, इंडक्शन भट्टीवर, बावीस वर्षं झाली. रॉकेटचं इंजिन मी कधी हातात धरलेलं नाही पण त्याच्यात जे झिजतंय ते वेगळ्या रूपात रोज बघतोय, म्हणून लिहायलोय. आमच्या भट्टीत आत लोखंड पंधराशे डिग्रीला रटरटत असतंय आणि त्याच्याभोवती तांब्याची कॉइल. तांबं १०८५ डिग्रीला वितळतंय. मग कॉइल का वितळत नाही? तर ती पोकळ असते आणि आतून सतत पाणी पळत असतंय. पाण्याचा प्रवाह कमी झाला की भट्टी लगेच ट्रिप झाली पाहिजे, तिथं दुसरा विचार नाही.

रॉकेटच्या इंजिनात हेच आहे, फक्त सगळं टोकाला नेलेलं. जळणाच्या चेंबरची आतली भिंत तांब्याच्याच मिश्रधातूची, भिंतीत बारीक बारीक उभ्या खाचा, आणि त्या खाचांतून पाण्याच्या ऐवजी इंधनच पळवतात, म्हणजे जे पुढं जाऊन जळणार तेच आधी भिंत थंड करून जातंय. स्पेस शटलच्या इंजिनात हे इंधन म्हणजे द्रव हायड्रोजन, उणे २५३ डिग्रीला साठवलेला. एका बाजूला ३३०० डिग्रीच्या आसपासचा जाळ, दुसऱ्या बाजूला एवढं गार, आणि मधे भिंत किती तर जेमतेम मिलिमीटरच्या घरात. आमच्या भट्टीत निदान लाइनिंगचा, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या अस्तराचा, जाड थर मधे असतो, इथं तोपण नाही. आणि तांबंच का म्हणून पोरं विचारतील, तर तांबं उष्णता पटकन पलीकडं पोचवतंय, पोलादाची भिंत असती तर जाळाकडची बाजू वितळायला लागली असती आणि मागची बाजू गारच राहिली असती.

आता झिजायचं. भट्टी सलग चालवली तर लाइनिंग भरपूर हीट, म्हणजे लोखंड वितळवायच्या फेऱ्या, काढतंय. पण रविवारी बंद केली, पार थंड झाली, सोमवारी परत लावली, की लाइनिंगला चिरा, म्हणून थंड भट्टी आम्ही एकदम हळूहळू तापवत आणतो. रॉकेटला ती सवड नाही ओ बाई. काही सेकंदांत शून्यावरून पूर्ण जोर. आतलं तांबं तापून फुगायला बघतंय, बाहेरचं कवच गार आणि दणकट, ते हलू देत नाही, मग तांबं जागच्या जागी कायमचं दाबलं जातंय, आणि इंजिन बंद झालं की तेच उलटं ताणलं जातंय. प्रत्येक वेळी खाचेवरची पातळ भिंत जाळाकडं जराशी फुगते आणि मधोमध अजून पातळ होते, असं होत होत एक दिवस केसाएवढी चीर. बाइंडिंगची तार इकडं-तिकडं वाकवून तोडतो न्हवं आपण, अगदी तसंच.

म्हणून इंजिन किती मिनिटं चाललं एवढंच बघून भागत नाही, किती वेळा पेटलं आणि विझलं ते मोजायचं. फाल्कनचा बूस्टर, म्हणजे तो खालचा टप्पा, जमिनीवर परत येतो तेव्हा मधलं इंजिन एकाच फेरीत चारदा पेटतंय बघा, उडताना, मागं वळताना, दाट हवेत शिरताना आणि उतरताना. आधी पॅडवर बांधून चाचणी घेतली तर पाच. वर्गात पोरांना तार द्या वाकवायला, मी सांगतो, डोक्यात बसतंय.

सांबरा_फिटर :

बाई, भट्टीवाल्यांनी चेंबरचं फार चांगलं सांगितलं. मी एअरफोर्सचा निवृत्त इंजिन फिटर, आता सांबऱ्यालाच असतो. विमानाचा प्रश्न माझ्या वाटणीचा आहे.

पहिली गोष्ट, जेट इंजिनातसुद्धा आम्ही नुसते तास मोजत नव्हतो. प्रत्येक इंजिनाचं लॉग कार्ड असतं, त्यात तासांबरोबर सायकल, म्हणजे चालू करून बंद करायच्या फेऱ्या, लिहिलेल्या असतात, आणि फिरणाऱ्या डिस्कचं आयुष्य सायकलवर संपतं. बाहेरून चकचकीत दिसली तरी आकडा भरला की काढायची, वाद नाही. म्हणजे भट्टीवाले म्हणतात तोच हिशोब.

दुसरी गोष्ट म्हणजे जेट इंजिन ऑक्सिजन हवेतून घेतं, रॉकेट तो बरोबर नेतं आणि इंधनासकट पंपानं चेंबरमध्ये ढकलतं. चेंबरमध्ये आधीच प्रचंड दाब आहे, शटलच्या आरएस-२५ इंजिनात वातावरणाच्या दोनशे पट, त्या दाबाच्या वर दाब देऊन ढकलायचं. त्या इंजिनाचा हायड्रोजनचा मोठा पंप मिनिटाला ३५ हजारांच्या आसपास फेरे घेतो आणि सत्तर हजार हॉर्सपॉवरच्या घरात ताकद वापरतो, आणि आकारानं तो मोटारगाडीच्या मोठ्या इंजिनाएवढाच. एकाच शाफ्टवर एका टोकाला गरम वायूवर फिरणारं टर्बाइन आणि दुसऱ्या टोकाला गोठवणारं द्रव. बेअरिंगला ग्रीस नाही, ऑइल नाही, जे द्रव पंप करतोय तेच बेअरिंग थंड ठेवतं. ऑक्सिजनच्या पंपात तर टर्बाइनकडे हायड्रोजन जास्त असलेला गरम वायू आणि पंपाकडे द्रव ऑक्सिजन, हे दोघं शाफ्टवरून सरकत एकमेकांना भेटले तर संपलं, म्हणून मधल्या सीलमध्ये हेलियम सोडून दोघांना लांब ठेवतात. मी आयुष्यभर सील बदलले आहेत, त्यामुळे हे वाचलं तेव्हा मला त्या डिझाइन करणाऱ्यांबद्दल फार आदर वाटला.

आता शटलचा अनुभव मुलांना जरूर सांगा. १९८१ ते २०११, १३५ उड्डाणं, प्रत्येक वेळी तीन इंजिनं, आणि इंजिनं परत परत वापरलेली. कागदावर एका इंजिनाचं आयुष्य ५५ उड्डाणं धरलं होतं. प्रत्यक्षात सुरुवातीच्या वर्षांत जवळजवळ प्रत्येक फेरीनंतर पंप बाहेर, बेअरिंग बघा, टर्बाइनच्या पात्यांना चिरा आहेत का बघा, असं चालायचं. १९९५ पासून ऑक्सिजनचा नवीन पंप आला, त्यात पोलादाच्या जागी सिलिकॉन नायट्राइडचे सिरॅमिक गोळे असलेली बेअरिंग आली, मग उघडझाप कमी झाली. म्हणजे परत वापरता येणारं इंजिन त्यांनी पहिल्या दिवशी बनवलं, पण न उघडता परत वापरता येणारं इंजिन बनायला पुढची बरीच वर्षं गेली.

आणि एक प्रसंग. २९ जुलै १९८५, चॅलेंजर, आत सात माणसं. उड्डाणाला पावणेसहा मिनिटं होत असताना मधलं इंजिन आपोआप बंद पडलं. इंजिन चांगलं होतं, तापमान सांगणारे सेन्सर बिघडलेले, त्यांनी खोटं जास्त तापमान दाखवलं आणि कॉम्प्युटरनं इंजिन बंद केलं. थोड्या वेळानं दुसऱ्या इंजिनाचा सेन्सरसुद्धा तसाच जायला लागला. जमिनीवर नियंत्रण कक्षात इंजिनं-बूस्टरवर नजर ठेवायच्या टेबलवर जेनी हॉवर्ड नावाच्या इंजिनियर होत्या, त्यांनी ओळखलं की खोट सेन्सरमध्ये आहे आणि ते आपोआप बंद होणं थांबवायला सांगितलं. यान ठरल्यापेक्षा खालच्या कक्षेत गेलं, पण गेलं, मोहीम पार पडली. तुमच्या वर्गातल्या मुलींना हे नाव सांगा.

निपाणी_८८ :

सगळं वाचलं, माहिती छानच, पण माझं मत त्या मुलासारखंच आहे. सॅटेलाइट पाठवताय तर वापरा जुनं, पैसे वाचवा. माणूस बसणार असेल तर कोरं इंजिन लावा, दोनचार कोटीचा प्रश्न आहे का तिथं? तुम्हीच म्हणताय की प्रत्येक वेळी पेटलं की भिंत पातळ होते, मग पातळ झालेल्या भिंतीवर माणूस का? १२ सप्टेंबर २०२२ चं बघा, ब्लू ओरिजिन कंपनीचं न्यू शेपर्ड रॉकेट, माणसं नेणारीच डिझाइन, बूस्टर आधी आठ वेळा उडालेला, नवव्या वेळी इंजिनाचं नॉझल उष्णतेनं फाटलं. नशीब त्या दिवशी आत फक्त प्रयोगाचं सामान होतं.

चिकोडी_मेकॅनिकल :

निपाणीचे दादा, राग नका मानू पण मला हे उलटं वाटतं. मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, हा माझा आवडीचा विषय, जरा लांब लिहितो.

न्यू शेपर्डचं खरं आहे. पण चौकशीत निघालं ते असं की भिंतीलगत थंड थर ठेवायची जी व्यवस्था असते तिच्यात डिझाइनचा बदल केला होता, त्यामुळे नॉझल ठरल्यापेक्षा जास्त तापत होतं. म्हणजे नुसतं म्हातारपण नव्हे, डिझाइन बदलल्यावर तापमानाचा हिशोब चुकला. आणि कॅप्सूल स्वतःच्या मोटरनं सुटून पॅराशूटनं व्यवस्थित उतरली.

आता कोऱ्या इंजिनाची गोष्ट ऐका. २ ऑक्टोबर २०२० ला फाल्कन ९ जीपीएस सॅटेलाइट घेऊन उडणार होता, बूस्टर नवा कोरा. सुटायला दोन सेकंद असताना कॉम्प्युटरनं थांबवलं कारण दोन इंजिनं पेटायची वेळ चुकवून आधीच सुरू व्हायला बघत होती. इंजिनं काढून तपासली तर गॅस जनरेटरच्या, म्हणजे पंप फिरवायला गरम वायू बनवणाऱ्या भागाच्या, एका बारीक भोकात, एक इंचाचा सोळावा भाग एवढं भोक, लाल लॅकर अडकलेला. भाग अ‍ॅनोडाइज करताना, म्हणजे रसायनात बुडवून वर संरक्षक थर चढवताना, जिथं रसायन लागू नये तिथं हा लॅकर लावतात, नेलपॉलिशसारखा असतो, आणि नंतर धुऊन काढतात, तो पूर्ण निघाला नव्हता. मग बाकीची इंजिनं बघितली तर नासाच्या क्रू-१ च्या बूस्टरवर दोन इंजिनं तशीच सापडली, म्हणजे ज्यावर चार माणसं बसणार होती! तोपण नवा कोराच. ती दोन इंजिनं बदलली आणि नोव्हेंबरमध्ये उड्डाण झालं. सांगायचं काय तर कोरं म्हणजे निर्दोष असं नसतं, कोऱ्या वस्तूत कारखान्याची चूक तशीच लपलेली असते, एकदा उडून आलेल्या इंजिनात ती चूक असती तर बहुतेक पहिल्याच फेरीत दिसली असती.

पण दुसरी बाजूपण सांगतो नाहीतर ते एकतर्फी होईल. १८ मार्च २०२० ला एका बूस्टरच्या पाचव्या फेरीत एक इंजिन वर जातानाच बंद पडलं. कारण, आधीच्या फेरीनंतर साफ करायला वापरलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल एका सेन्सरच्या बंद कोपऱ्यात थोडंसं राहिलं होतं, ते पेटलं. बाकीच्या आठ इंजिनांनी सॅटेलाइट पोचवले पण बूस्टर उतरताना गेला. म्हणजे परत वापरायची म्हणून साफसफाई केली आणि साफसफाईनंच नवीन दोष घातला. कोऱ्या इंजिनाचा धोका वेगळा, वापरलेल्याचा वेगळा, दोन्ही शून्य नाहीत.

मग माणूस कुठं बसवायचा? ह्याचं उत्तर मला बी१०६७ नावाच्या बूस्टरमध्ये सापडलं. तो तीसच्या वर वेळा उडाला आहे. पण त्यावर अंतराळवीर बसले ते दुसऱ्या आणि चौथ्या फेरीला, क्रू-३ आणि क्रू-४. पुढच्या सगळ्या मोठ्या आकड्याच्या फेऱ्या बिनमाणसाच्या, बहुतेक सॅटेलाइट घेऊन. म्हणजे आयुष्याचं टोक शोधायचं काम सॅटेलाइटवाले बूस्टर करतात आणि माणूस त्या टोकापासून खूप अलीकडं बसतो. माणसांसाठी वापरलेला बूस्टर पहिल्यांदा लावला तोपण २३ एप्रिल २०२१ ला, क्रू-२, आणि तो बूस्टर कुठला तर क्रू-१ चाच, एकच फेरी झालेला, त्याची प्रत्येक मोजमाप नासाच्या हातात. शुभांशु सरांचापण दुसऱ्या फेरीचा. बाई, ट्रॅक्टरवाल्या मुलाला हे सांगता येईल, त्याच्या बाबांनी ट्रॅक्टर घेतला तेव्हा आधीच्या मालकानं काय केलं ते माहीत नव्हतं, इथं आधीचा मालक तोच आहे आणि प्रत्येक सेकंदाची नोंद आहे.

म्हणजे तीस फेऱ्या तीच नऊ इंजिनं टिकली, हे केवढं मोठं आहे विचार करा.

सांबरा_फिटर :

बाळा, छान लिहिलंस, पण शेवटचं वाक्य दुरुस्त कर. बूस्टरच्या फेऱ्या आणि इंजिनाच्या फेऱ्या एक धरू नकोस. फाल्कनचं मर्लिन इंजिन सुटं काढून दुसरं बसवता येतं, तूच वर क्रू-१ चं लिहिलं आहेस की दोन इंजिनं बदलली. विमानाचं तसंच असतं, सांगाडा एक आणि इंजिनं येतात-जातात. म्हणून लॉग कार्ड इंजिनाच्या नावावर असतं, विमानाच्या नाही.

आणि शुक्लांच्या उड्डाणाची एक गोष्ट राहिली, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ११ जूनच्या आसपास उड्डाण व्हायचं होतं. पॅडवर सात सेकंद इंजिनं पेटवून चाचणी केली, आणि द्रव ऑक्सिजनची गळती दिसली. ही गळती आधीच्या फेरीतली, दुरुस्तीत पूर्ण गेलेली नव्हती. आपले इस्रोचे लोक तिथं होते, अध्यक्ष व्ही. नारायणन स्वतः क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रव इंधनाच्या, इंजिनातले माणूस, त्यांनी सांगितलं की गळती दुरुस्त करा, परत तपासा, मगच उडवा. उड्डाण पुढं गेलं. निपाणीकर, तुमची शंका मी हसण्यावारी नेत नाही, वापरलेल्या इंजिनात असंच राहून जातं. पण ते सापडलं ते जमिनीवर बांधून पेटवून बघितलं म्हणून. द्रव इंधनाच्या इंजिनाचा हा मोठा गुण आहे, पेटवा, आकडे बघा, नको वाटलं तर बंद करा. घन इंधनाचं एकदा पेटलं की संपेपर्यंत जळणार.

निपाणी_८८ :

गळतीचं मला माहीत नव्हतं. माणसासाठी फेऱ्यांचा आकडा कमीच ठेवला पाहिजे ह्यावर मी ठाम आहे, पण कोरंच पाहिजे हे मागं घेतो. लॅकरचं वाचून अंगावर काटा आला.

खानापूर_विज्ञान :

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. मी वहीत उतरवून घेतलं आहे. दोन गोष्टी राहिल्या, एक गगनयानाचं, आणि दुसरं म्हणजे इंधन कुठलं आहे त्यावर परत वापर सोपा-अवघड होतो का? एका मुलीनं विचारलं की रॉकेट रॉकेलवर चालतं म्हणजे काजळी धरत नाही का.

उद्यमबाग_भट्टी :

धरते की! पोरीनं बरोबर पकडलं. कढईत तेल जास्त तापलं की तळाला चिकट काळा थर बसतोय, घासून निघत नाही, तसं रॉकेल त्या बारीक खाचांतून जाताना फार तापलं की आतून थर धरतंय. थर धरला की उष्णता पलीकडं जात नाही, भिंत जास्त तापते, आणि मग वर सांगितलं ते तारेचं प्रकरण लवकर होतंय. मर्लिन रॉकेलवरच आहे, तरी एवढ्या वेळा वापरतात, म्हणजे तापमान आटोक्यात ठेवायचं आणि साफ करत राहायचं हे त्यांनी जमवलंय. हायड्रोजनला काजळीच नाही, पण तो एवढा हलका की टाक्या प्रचंड लागतात आणि कुठल्याही फटीतून सुटतोय, धातूत शिरून धातू ठिसूळ करतोय ते वेगळंच. म्हणून आता सगळे मिथेनकडं वळायलेत, मधला रस्ता, थर फार कमी धरतोय. आमच्या भागात साखर कारखान्यांच्या मळीचा बायोगॅस सगळ्यांना माहीत आहे, त्यातला जळणारा वायू तो हाच.

चिकोडी_मेकॅनिकल :

काका, इंजिनाच्या फेऱ्यांची चूक मान्य. मिथेनवालं रॅप्टर इंजिन स्पेसएक्सच्याच स्टारशिप रॉकेटला आहे, मे २०२५ मध्ये एक बूस्टर परत उडवला त्याच्या ३३ पैकी २९ इंजिनं आधी उडालेली होती. त्यावर माणूस अजून बसलेला नाही.

गगनयानाचं सांगतो बाई. एलव्हीएम३ रॉकेट, बाजूला दोन मोठे घन इंधनाचे बूस्टर, मधे द्रव इंधनाची दोन विकास इंजिनं, वर सीई-२० क्रायोजेनिक. ह्यातलं काहीच परत येणार नाही, सगळं एकदाच. पण माणसासाठी म्हणून सीई-२० ला जे करायला लावलं ते बघा, चार इंजिनं, ३९ वेळा पेटवून मिळून ८८१० सेकंद चालवली, लागणार होते ६३५० सेकंद. १३ फेब्रुवारी २०२४ ला ते काम पूर्ण झालं. वर जाणारं इंजिन कोरंच असणार, पण त्याच्या भावंडांना जमिनीवर इतकं पिळून घेतलेलं आहे. निपाणीच्या दादांना हा मार्ग आवडेल.

परत वापराच्या दिशेनंपण आपलं सुरू आहे. १७ जानेवारी २०२५ ला महेंद्रगिरीला विकास इंजिन ६० सेकंद चालवलं, बंद केलं, १२० सेकंदांनी परत पेटवलं आणि ७ सेकंद चालवलं. ऐकायला छोटं वाटतं पण उतरायचं असेल तर वर गेल्यावर परत पेटणं हीच पहिली पायरी. फाल्कन हेवीच्या पहिल्या उड्डाणात, फेब्रुवारी २०१८, मधला बूस्टर समुद्रात आदळला तो त्यामुळेच, पेटवायचं, हिरव्या ज्योतीनं जळणारं रसायन संपलं आणि उतरताना तीनपैकी दोन इंजिनं पेटलीच नाहीत. विकासचं इंधन मात्र विषारी आहे, माणसांनी परत परत उघडून हाताळायला ते अवघड, म्हणून पुढं रॉकेल-ऑक्सिजनचं २००० किलोन्यूटन जोराचं सेमी-क्रायो इंजिन येतंय, त्याच्या मुख्य भागाची अडीच सेकंदांची चाचणी २८ मार्च २०२५ ला झाली. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारनं ८२४० कोटींचं नवीन रॉकेट मंजूर केलं त्याचा पहिला टप्पा परत वापरायचाच आहे.

आणि हे तुमच्या मुलांना आवडेल, पुष्पक. आपण बेंगळूरच्या बसनं जातो तेव्हा चित्रदुर्ग लागतं बघा, त्याच जिल्ह्यात चळ्ळकेरेला २०२३ आणि २०२४ मध्ये तीनदा हे छोटं पंखवालं यान चिनूक हेलिकॉप्टरमधून साडेचार किलोमीटरवरून सोडलं आणि ते स्वतःचं स्वतः धावपट्टीवर उतरलं, ताशी ३२० किलोमीटरच्या वर वेगानं. त्यात इंजिन नव्हतं, नुसतं तरंगत उतरणं. पण परत येण्याची निम्मी विद्या उतरण्यातच आहे आणि ती आपल्याच राज्यात, आपल्याच रस्त्यावर शिकणं चाललंय.

खानापूर_विज्ञान :

आज वर्गात तार वाकवली. प्रत्येकाला एकाच गुंडाळीतली सारख्या लांबीची बाइंडिंग तार दिली आणि तुटेपर्यंत मोजायला लावलं. कुणाची नवव्या वेळी तुटली, कुणाची चौदाव्या, एकाची तर सातव्यालाच. मुलं भांडायला लागली की तार एकच, मग आकडे वेगळे कसे. तेव्हा तोच ट्रॅक्टरवाला मुलगा म्हणाला, बाई, मग माणूस बसवताना सातच धरायचे ना?

सांबरा_फिटर :

त्याला सांगा, सातसुद्धा नाही. नासाच्या नियमात अशा थकव्यासाठी चार पट आयुष्य दाखवावं लागतं. म्हणजे सातला तुटते तर एकदाच वाकवायची, दुसऱ्यांदा वाकवायची झाली तर आधी आणखी तारा तोडून आठ वाकवण्यांची खात्री दाखवायची. हा मुलगा पुढं काय शिकतो ते मला कळवत जा.

उद्यमबाग_भट्टी :

बाई, माझ्याकडं चिरा पडलेल्या लाइनिंगचा एक तुकडा आहे आणि जुन्या कॉइलचा कापलेला भाग, आतली पाण्याची पोकळी सरळ दिसते. शनिवारी सकाळची शाळा असते ना तुमची? साडेआठपर्यंत येतो घेऊन. पोरांना हातात घेऊन बघू द्यात.